लेक मैदानावर निघाली: बाबा, दादा आणि सरांनी करायची कामं

माझी लेक खो-खो खेळते. तिच्या पहिल्या जिल्हास्तरीय स्पर्धेत मी चुन्याच्या रेषेबाहेर उभा राहून घसा बसेस्तोवर ओरडत होतो. "पळ! खांबाकडे पळ! मार सूर!" परतीच्या एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, मी डिफेन्सला होते. सूर चेस करणारी मारते. आणि तुम्ही ओरडलात की सरांचं काही ऐकू येत नाही." थोडं थांबून पुढे, "त्यापेक्षा जार भरून आणला असतात तर बरं झालं असतं. दुसऱ्या डावाला कुणालाच पाणी नव्हतं."

याला सहा वर्षं झाली. आता क्लबातल्या पोरी मला पाणीवाले काका म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. या सहा वर्षांत बरेच नवे बाप, भाऊ, एक-दोन नवरे आणि पुष्कळ उत्साही तरुण 'सर' मैदानावर येताना पाहिले. बहुतेकांना वाटतं, मुलींच्या खेळाला साथ द्यायची म्हणजे स्टेटस ठेवायचं, भाषण करायचं, 'हमारी छोरियाँ' वगैरे म्हणायचं. त्याची टंचाई नाही. टंचाई असते ती पाणी, वेळ, किल्ली आणि जागा यांची. म्हणून हा लेख कामांचा आहे. ज्या क्रमानं ती माझ्या अंगावर आली, साधारण त्याच क्रमानं सांगतो.

पहिलं काम घरातलं

सराव संध्याकाळी साडेपाचला. आमच्याकडे नळाला पाणी येतं पाचला, तासभरच. ते भरणं लेकीचं काम होतं. कधीपासून, कुणी ठरवलं, कुणालाच आठवत नव्हतं. सुरुवातीचे दोन महिने ती रोज पंधरा मिनिटं उशिरा पोचायची आणि सर तिला चार फेऱ्या जास्त मारायला लावायचे. मला कळलं तेव्हा मी काय केलं? बायकोला म्हटलं, "तिला सोड, तू भर." हा माझा दुसरा मोठा शहाणपणा.

इथंच बहुतेक घरं फसतात. मुलीला कामातून मोकळं करायचं म्हणजे तिचं काम आईच्या अंगावर ढकलायचं, आणि वर आपण उदार बाप म्हणवून घ्यायचं. मुलगी बघत असते. आपण खेळतो म्हणून आई दमते हे तिच्या मनात बसलं की दहावीच्या वर्षी ती स्वतःच खेळ सोडते, आणि आपण लोकांना सांगतो, "तिलाच इंटरेस्ट राहिला नाही." काम पुरुषाकडे यायला हवं, माझ्याकडे किंवा तिच्या भावाकडे. आमच्यात पाणी मी भरतो, संध्याकाळच्या भाकरीचं पीठ मुलगा मळतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या भाकऱ्यांचे नकाशे झाले, पण खाल्ले.

तर एक कागद घ्या. मुलीचा दिवस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लिहा, शेजारी तिच्या भावाचा. दोन्हीमधला फरक दिसेल. सरावाच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास तिच्या रकान्यातून काढून कुणाच्या रकान्यात टाकला, ते नाव घालून लिहा. त्या ठिकाणी आईचं नाव आलं तर कागद फाडून पुन्हा लिहा.

नवऱ्यांनाही हेच लागू. लग्नानंतर मैदान सुटतं ते कुणी 'नको' म्हटलं म्हणून क्वचितच. संध्याकाळी पाच ते सात हीच स्वयंपाकाची वेळ, हीच पाहुण्यांची, हीच पोरांच्या अभ्यासाची. त्या दोन तासांना घरात दुसरा माणूस उभा राहिला नाही, तर 'माझी काही हरकत नाही' या वाक्याला दमडीचा अर्थ नाही.

भावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. स्मृती मानधना सांगलीत वाढली. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघंही क्रिकेट खेळलेले. भाऊ नेटवर जायचा, त्याच्या मागोमाग ही. २०१३ साली बडोद्याला गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात तिनं १५० चेंडूंत नाबाद २२४ काढल्या, त्या राहुल द्रविडच्या बॅटनं. द्रविडनं ती दिली होती श्रवणला. घरात आली भावासाठी, धावा काढल्या बहिणीनं. आपल्याकडे द्रविडची बॅट नसेल, पण भावाची सायकल असते, त्याचे बूट असतात, त्याचा मोबाइल असतो. तिथपासून सुरुवात करता येते.

विचारा, आणि उत्तर पचवा

खेळ कोणता, किती दिवस, कुठवर, हे तिला विचारा. आमच्या क्लबात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. स्वतः कबड्डी खेळायचे, जिल्ह्याचा संघ थोडक्यात हुकलेला. पोरीला कबड्डी अजिबात आवडत नव्हती, तिला गोळा फेकायचा होता. दोन वर्षं ती चढाईला उभी राहिली की तिचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा. शेवटी तिनं गोळा हातात घेतला तो वडिलांची बदली झाल्यावर.

महावीरसिंग फोगाट यांचं उदाहरण इथं हमखास पुढे केलं जातं. त्यांनी मुलींना कुस्तीच्या मातीत उतरवलं, गीतानं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, त्यांना २०१६ मध्ये द्रोणाचार्य मिळाला. सगळं खरं आणि मोठं. पण त्यातली जबरदस्ती तेवढी उचलून आणणारे बाप मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडे ना ती चिकाटी असते ना तेवढं कुस्तीचं ज्ञान. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा मुलीला सरळ विचारावं, "पुढच्या वर्षी खेळायचंय का?" आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवूनच विचारावं.

किल्लीचं काम

नव्या माणसाला एकच काम सांगायचं झालं तर मी हे सांगेन. मैदानाच्या स्वच्छतागृहाची किल्ली मिळवा.

आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर घातलेलं स्वच्छतागृह आहे. बायकांच्या दाराला कुलूप. मुलांच्या दाराला कुलूप नव्हतं, आणि तशी गरजही नव्हती, कारण पोरं भिंतीमागे जायची. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन सहानंतर येणार. वर्षभर कुणी तक्रार केली नाही. नंतर कळलं, मुली सरावाच्या दिवशी दुपारी तीननंतर पाणीच प्यायच्या नाहीत. मे महिन्यात! चक्कर येऊन एक पोरगी पडली तेव्हा हे बाहेर आलं. आम्ही सगळे पुरुष चकित झालो, आणि सगळ्या आया आमच्याकडे बघत राहिल्या, कारण त्यांच्यात ते कुणालाच नवं नव्हतं.

मग अर्ज केला. पहिला अर्ज हरवला. दुसऱ्याची पोच घेतली. तिसऱ्या खेपेला चार पालक मिळून गेलो आणि किल्लीची एक नक्कल करून घेतली, तीस रुपयांची. आत नळ होता पण पाणी नव्हतं, बल्ब नव्हता, कडी आतून लागत नव्हती, झाकणाचा डबा नव्हता. कडी आणि बल्ब मी स्वतः बसवले, एका शनिवारचं काम. पाण्याला पाच महिने लागले. आज तिथं साबण असतो आणि एका खोक्यात सॅनिटरी पॅड असतात; ते भरून ठेवायची जबाबदारी पाळीपाळीनं एकेका घराची.

तुमच्या मैदानावर गेल्यावर खांब, मॅट, नेट बघण्याआधी या पाच गोष्टी बघा: दार आतून बंद होतं का, पाणी आहे का, उजेड आहे का, कचऱ्याचा झाकणाचा डबा आहे का, किल्ली कुणाकडे आहे. कपडे बदलायला जागा नसेल तर दोरी आणि दोन जाड चादरी गाडीत ठेवा. बाहेरगावच्या स्पर्धेला त्या हमखास लागतात.

येण्याजाण्याचंही तसंच. आमच्या भागात शेवटची एसटी सव्वासातची, आणि सराव सुटतो साडेसातला. सर म्हणायचे, "एसटीसाठी सराव लवकर कसा सोडू?" सहा पालकांनी मिळून वार वाटून घेतले, मंगळवार माझा. एकानं एसटी डेपोत, एकानं ग्रामपंचायतीत रस्त्याच्या दिव्यासाठी खेटे घातले. दिवा लागला, एसटीची वेळ मात्र आजही तीच आहे.

कपडे, खाणं, पाळी

क्लबनं एकदा नवा गणवेश शिवला. समितीत सात जण, सातही पुरुष. शर्ट भगवा, शॉर्ट पांढरीशुभ्र. फार देखणी दिसायची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी संघातल्या तीन मुलींना 'ताप' आला. कारण कुणी सांगेना. शेवटी एका मुलीची आत्या उठून म्हणाली, "अहो, पांढरी चड्डी घालून बसायचं, उठायचं, सूर मारायचा. तुम्ही घालाल?" विम्बल्डनला पांढऱ्याचा नियम केवढा कडक, पण त्यांनीही २०२३ पासून बायकांना आतून गडद रंगाची शॉर्ट घालायची मुभा दिली. आम्ही गडद निळ्यावर आलो. गणवेश ठरवताना खेळणाऱ्या दोन मुली त्या बैठकीत असल्याच पाहिजेत, हा नियम तेव्हापासून आहे.

बापानं पैसे द्यावेत आणि चौकशी आवरावी, अशी काही खरेदी असते. स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही, ती बुटांइतकीच गरजेची. आई, ताई, संघातली मोठी खेळाडू कुणीतरी बरोबर जाईल. बिल बघून 'एवढे?' म्हणू नका. बूट मुलाचे जुने चालतील असं समजू नका. मापाला सैल बूट मॅटवर घोटा मुरगळायला पुरे. नीकॅप दोन जोड घ्या, एक वाळत असते.

गुडघ्याचं एक लक्षात ठेवा. पळता पळता दिशा बदलणं आणि उडीवरून उतरणं यात गुडघ्यातला एसीएल नावाचा स्नायुबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं. खो-खो म्हणजे तर दिशा बदलण्याचाच खेळ. उतरताना गुडघे आत वळतात का, हे सरांना बघायला सांगा. बैठका, एका पायावर तोल, मऊ उतरणं असा पंधरा मिनिटांचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा केला तर हा धोका कमी होतो. 'वॉर्मअप नंतर, आधी मॅच लावा' म्हणणाऱ्या उत्साही सरांना अडवायला पालकच लागतात.

खाण्याचं सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यात आपल्या घरातली पद्धत अशी की अंडं आलं की आधी मुलाच्या ताटात, दुधाचा मोठा पेला त्याला, आणि मुलगी आईबरोबर शेवटच्या पंगतीला. लेक दम लागून बसायला लागली तेव्हा सर म्हणाले स्टॅमिना नाही. हिमोग्लोबिन तपासलं तर नऊच्या खाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि घरात वाढायचं काम माझ्याकडे आलं. मी वाढतो तेव्हा आधी खेळणारीच्या ताटात. सरावाआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, नंतर अंडी किंवा उसळ, वर लिंबू पिळून. महागडी पावडर लागली नाही.

पाळीबद्दल पुरुषांचे दोन प्रकार दिसतात. एक कानावर हात ठेवणारा, दुसरा नव्यानं वाचून आलेला आणि पोरींच्या तारखांची वही ठेवू पाहणारा. दोघंही नकोत. सरांनी संघाला एकदा स्पष्ट सांगावं, "त्रास होत असेल तर आज हलका सराव असं सांगायचं. कारण विचारणार नाही." एवढं पुरतं. बापाला एक गोष्ट मात्र माहीत हवी. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन-तीन महिने आलीच नाही, तर 'खेळामुळे होतं, चालायचंच' म्हणून सोडू नये. खाणं कमी आणि श्रम जास्त झाल्याची ती खूण असू शकते, त्यानं हाडंही कमकुवत होतात. डॉक्टरांकडे न्यावं, आणि आत आईला किंवा तिला एकटीला जाऊ द्यावं.

मैदान कुणाचं

मैदान सगळ्यांचं असतं, म्हणजे बहुधा मुलांचं असतं. साडेपाचला मुली येतात तेव्हा मधोमध क्रिकेट चाललेलं. "काका, लास्ट ओव्हर." ती ओव्हर सव्वासहापर्यंत चालते. मुली कडेला दोरी उड्या मारतात. हे भांडणानं सुटत नाही, आम्ही भांडून पाहिलं. वेळापत्रक लिहून भिंतीवर चिकटवलं, त्यावर सरपंचांची सही घेतली, आणि क्रिकेटवाल्या पोरांतल्या सगळ्यात दांडग्या पोराला वेळ पाळायची जबाबदारी दिली. आता तोच शिट्टी मारतो.

पुढे त्याच पोरांतले चौघं मुलींबरोबर सरावाला उभे राहू लागले. वेगवान मुलगा पाठीमागे लागला की मुलीची हुलकावणी सुधारते, हे खरंच. दोन अटी घातल्या. मुद्दाम हळू पळायचं नाही, आणि शिकवायचं नाही. दुसरी अट पाळणं त्यांना फार जड गेलं.

मैदानावर 'काय पोरीसारखा खेळतोस' हे वाक्य आलं की तिथल्या तिथं, साध्या आवाजात थांबवा. लांबलचक बोलू नका. मी एवढंच म्हणतो, "कुठल्या पोरीसारखा? नाव सांग." नाव सांगता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. त्या दिवसापासून काही पोरं म्हणतात, "प्रियांकासारखा खेळतोय का मी?" मी म्हणतो, "नाही."

माइकवर बसणाऱ्यांसाठी वेगळा धडा हवा. गावोगावच्या स्पर्धांत निवेदकाला मुलींचा सामना आला की कंठ फुटतो. 'ही बघा आपली झाशीची राणी', 'नाजूक कळी पण काय चपळाई', 'मुलगी असूनही'. नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या स्पर्धेनंतर जे लिहून गेली ते या लोकांना वाचून दाखवावं: प्रेक्षक तिच्या डावांपेक्षा तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यावरच बोलत होते. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बटुमीला ती विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. निवेदन सोपं असतं. नाव, क्रमांक, काय केलं: "सात नंबर, पहिल्या तुकडीत, अडीच मिनिटं नाबाद." पुरुषांच्या सामन्यात हे जमतं, मग इथंही जमेल.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी दोन रकाने तपासावेत, वेळ आणि बक्षीस. मुलींचे सामने दुपारी साडेबाराला उन्हात आणि मुलांचे संध्याकाळी दिव्याखाली, मग 'मुलींना प्रेक्षक येत नाहीत' अशी तक्रार. एक आड एक लावा, प्रेक्षक जागचा हलणार नाही. बक्षिसाचं म्हणाल तर क्रिकेट मंडळानं ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचं मानधन बायका-पुरुषांना सारखं केलं: कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. (वार्षिक करारांत अजून जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तेही विसरू नये.) त्यांना लाखांत जमतं तर आपल्याला अकरा हजार आणि पाच हजार यांचे आठ-आठ हजार करायला काय हरकत आहे?

आणि 'संघच कुठे आहेत' हे कारण सांगू नका. १९७३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा झाली तेव्हा संघ तीन होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. महिला क्रिकेट संघटनेची ती खटपट लखनऊच्या महेंद्रकुमार शर्मांची. वर्ष संपेपर्यंत वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली, तेव्हा आठ संघ आले. आधी स्पर्धा भरली, मग संघ वाढले.

संशय माझ्यावरही घ्या

हा भाग वाचताना चांगल्या माणसांना राग येतो. मलाही आला होता. मुलींच्या संघाबरोबर जाणाऱ्या पुरुषानं स्वतःला काही बंधनं घालून घ्यायची असतात, ती तो वाईट आहे म्हणून नव्हे. वाईट माणूस पहिल्या दिवशी चांगल्यासारखाच दिसतो, म्हणून. २०२३ च्या जानेवारीत देशातल्या अव्वल कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसावं लागलं. ज्यांना देश ओळखतो त्यांची ही अवस्था, तर तालुक्यातल्या तेरा वर्षांच्या पोरीनं कुणाकडे जायचं?

आमच्याकडचे नियम असे. बाहेरगावी संघ जाईल तर एक बाई व्यवस्थापक म्हणून बरोबर असेलच. ती मिळाली नाही तर संघ जाणार नाही. (क्रीडा प्राधिकरणानंही २०२२ मध्ये राष्ट्रीय संघटनांना मुलींबरोबर महिला प्रशिक्षक पाठवायला सांगितलं.) मुक्कामाला मुलींची खोली वेगळी, तिथं पुरुष उंबऱ्याबाहेरून बोलणार. सरांचे निरोप ग्रुपवर, एकेकीला रात्री वेगळा मेसेज नाही. पवित्रा दुरुस्त करायला हात लावायचा असेल तर आधी विचारायचं, सगळ्यांसमोर. मालीश सरांनी करायची नाही. आणि एकटी मुलगी एकट्या पुरुषाच्या गाडीवर नाही.

शेवटच्या नियमानं एकदा माझीच परीक्षा घेतली. जुलैचा पाऊस, सराव अर्ध्यात सुटलेला, एका मुलीचे काका यायला उशीर. माझी लेक त्या दिवशी आलेली नव्हती. पोरीचं घर तीन किलोमीटरवर. गाडीवर सोडलं असतं तर दहा मिनिटांचं काम. आम्ही वॉचमनच्या शेडमध्ये उघड्यावर चाळीस मिनिटं उभे राहिलो; ती, मी आणि वॉचमन. ती माझ्यावर वैतागली होती, मी नियमावर. काका आले, भिजलेले, म्हणाले, "तुम्ही सोडायचं की हो." मी म्हटलं, "उद्या दुसरं कुणी सोडतो म्हणालं तर तिनं नाही म्हणायला शिकलं पाहिजे ना."

कायद्याचं थोडं माहीत असू द्या. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या शब्दात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा नाव घेऊन समावेश आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तुमच्या अकादमीच्या भिंतीवर समितीची नावं आहेत का, प्रवेश घेताना विचारा. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो. त्यात गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. म्हणजे 'संस्थेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू' म्हणणारा प्रतिष्ठित काकाही अडकतो. मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८, फुकट आणि चोवीस तास. तो मुलींना पाठ हवा.

मुलीनं काही सांगितलं तर आधी ऐका. 'तू तिथं का गेलीस' हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. आणि 'उद्यापासून खेळ बंद' असं तर अजिबात म्हणू नका. ती सांगायला घाबरते ती नेमकी याच वाक्याला.

पैसे आणि फाइल

खेळाला पैसा लागतो, आणि काही खेळांना फार लागतो. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिचे वडील शाळेत शिक्षक, लेकीच्या धनुष्य-बाणांसाठी त्यांनी कर्ज काढलं होतं. सगळ्यांनी कर्ज काढावं असं मी म्हणणार नाही. पण मुलाच्या क्लासला हप्ते भरताना जो हिशेब आपण करत नाही, तो मुलीच्या बुटांपाशी का करतो, एवढं स्वतःला विचारावं.

फाइल मात्र फुकट आहे. एक जाड प्लास्टिकची फाइल आणा. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, फोटो, आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, मग ते तालुक्याचं का असेना. प्रमाणपत्र हातात पडलं की नाव, जन्मतारीख, वयोगट, तारीख तिथंच वाचा. चूक वर्षानं दुरुस्त होत नाही. दहावी-बारावीचे वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, सगळं या कागदांवर आणि त्यांच्या पडताळणीवर चालतं. बँकेत खातं तिच्या नावानं काढा. बक्षिसाची रक्कम त्याच खात्यात. पहिल्या बक्षिसाच्या दीड हजारांतून माझ्या लेकीनं काय घेतलं ते मला आजवर कळलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

शिट्टी कुणाच्या हातात

अमोल मुझुमदार मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळला, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, पण भारताची टोपी कधी मिळाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात साखळीतले तीन सामने लागोपाठ हरल्यावर सगळा देश शहाणपण सांगत होता. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून त्या जिंकल्या. चषक उचलला कर्णधार हरमनप्रीतनं. पुरुषानं प्रशिक्षक असू नये असं नाही, पण चषक कुणी उचलायचा हे त्याला माहीत हवं. गावपातळीवर हे उलटं दिसतं. विजेत्या संघाच्या फोटोत पहिल्या रांगेत खुर्च्यांवर नऊ पुरुष, मुली मागे उभ्या, त्यांतल्या दोघींचे चेहरे हारामागे. पुढच्या वेळी खुर्च्या मुलींना द्या. फोटो जास्त चांगला येतो.

खेळायचं वय संपलं की मुलगी मैदानातून गायब होते, तोही बंदोबस्त करावा. पंच परीक्षेचा फॉर्म भरायला मदत करा, प्रवासखर्च द्या. लहान मुलींचा सराव मोठ्या मुलींकडे सोपवा आणि त्याचे पैसे द्या, थोडे का होईना. समितीतल्या सात खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या करायच्या झाल्या तर कुणीतरी उठावं लागतं. आमच्यात मी उठलो. फार त्याग वगैरे नव्हता, बैठका कंटाळवाण्या असतात.

सामन्याच्या दिवशी

पोचल्यावर आधी पाणी, मग स्वच्छतागृह, मग सावली बघा. सरांच्या जवळ उभे राहू नका. टाळ्या दोन्ही संघांना वाजवा. आपल्या मुलीला खेळवलं नाही तर त्या दिवशी सरांशी बोलू नका. दोन दिवसांनी बोला, तेही तिला विचारून. हरून आली तर घरी पोचेपर्यंत सामन्याचा विषय काढू नका. स्टँडवरचा वडापाव घ्या, तिला खिडकी द्या. ती बोलली तर बोला.

या रविवारी शेजारच्या तालुक्यात निमंत्रित स्पर्धा आहे. लेक यंदा खेळणार नाहीये, पंच म्हणून उभी राहणार आहे, पहिल्यांदाच. काल रात्री तिनं कामांची यादी ग्रुपवर टाकली. माझ्या नावापुढे लिहिलंय: जार दोन, केळी चार डझन, चादरी, किल्ली. खाली वेगळी ओळ, फक्त माझ्यासाठी: "बाबा, निर्णय आवडला नाही तरी गप्प बसायचं."